कतारगामची वेस आणि नैरोबीची वाट

सुरतेच्या बाहेरल्या कोटाच्या वेशींपैकी कतारगाम दरवाजा आज केवळ नावाने उरला आहे. परंतु त्या नावाच्या चौकाजवळ इंग्रजांच्या आणि डचांच्या ज्या जुन्या दफनभूमी आहेत, त्यांतील घुमट पाहिल्यावाचून या शहराचा व्यापार एके काळी कोणत्या तोलाचा होता याची खरी कल्पना येत नाही. सर जॉर्ज ऑक्झेंडन येथेच चिरविश्रांती घेत आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, मोगलांचा अंमलदार इनायतखान किल्ल्याचा आश्रय करून बसला आणि विरजी व्होरासारख्या कोट्यधीश सावकाराची तळघरे रिकामी झाली, तेव्हा आपली वखार राखून राहिलेला इंग्रजांचा अध्यक्ष तो हाच. १६६९ साली तो वारला आणि दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या ख्रिस्तोफर या आपल्या भावाशेजारी त्याला मूठमाती मिळाली. डचांच्या आवारात मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणाऱ्या व्हान ऱ्हीडचे थडगे आहे. त्याचा मृत्यू १६९१ चा. जिवंतपणी दप्तरात रुपया-आण्यांचा हिशेब लिहिणाऱ्या या मंडळींनी मेल्यावर मात्र उमरावांना शोभतील असे मोगली धर्तीचे घुमट आपल्या देहांवर उभारून घेतले, यावरून त्या हिशेबाच्या बेरजा किती मोठ्या होत्या हे ध्यानात येते.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती लुटीच्या निमित्ताने. परंतु जे लुटण्याजोगे होते ते तेथे साठले कसे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. त्याचे उत्तर समुद्रात आहे. तापीच्या काठी फुर्जा म्हणजे जकातीचे ठाणे होते, त्यावर बादशहाने नेमलेला मुत्सद्दी बसत असे, आणि मक्केच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच हाकारली जात असल्याने बादशाही दप्तरात या बंदराचा उल्लेख ‘मुबारक’ म्हणून होई. येथून कापड, नीळ आणि धान्य पश्चिमेस जाई, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत येई. सुरतेच्या कारागिरांनी चंदनी पेट्यांवर हस्तिदंताची जी नाजूक जडणघडण केली, तिचा कच्चा माल मोंबासा, मोझांबिक यांच्या बाजूचा असे. वास्को द गामा १४९८ साली मालिंदीस पोहोचला तेव्हा गुजराती व्यापारी तेथे त्याच्या आधीच रुळलेले होते. माणसांचा व्यवहारही याच वाटेने झाला. जंजिऱ्याचे सिद्दी ज्या हबशी वंशाचे, तो आफ्रिकेच्या पूर्वांगातून या किनाऱ्यावर आलेला. मोगलांनी त्यांना आपल्या आरमाराचे काम सांगितले आणि त्याबद्दलची नेमणूक सुरतेच्या महसुलातून तोडून दिली. म्हणजे ज्या सिद्दीशी मराठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली, त्याची रसद काही अंशी याच फुर्जातून जात होती. सुरतेचा किल्लाही पुढे सिद्दींच्याच हाती होता, आणि १७५९ साली इंग्रजांनी तो त्यांच्याकडूनच घेतला.

या साऱ्या व्यवहाराचा स्वामी मात्र मुत्सद्दी नव्हे, नाखुदा नव्हे, तर वारा होता. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून गलबत आफ्रिकेकडे निघे आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाल्यावर परते. बंदरावर माल विकून झाला असो वा नसो, वारा फिरेपर्यंत तेथे खोळंबणे भाग असे. एका खेपेत सावकाराचे भांडवल वर्षभर अडकून पडे, त्यावर व्याज चढे, आणि गलबत बुडाले तर मुद्दलही जाई. जुन्या समुद्री व्यापारात नफ्याचे प्रमाण एवढे मोठे का असे, याचे कारण व्यापाऱ्याच्या लोभात नसून या वर्षभराच्या प्रतीक्षेत आहे. माल नेण्याची मजुरी हा एक खर्च आणि माल वाटेत असताना जाणारा काळ हा दुसरा. आणि त्यांपैकी दुसरा बहुधा पहिल्याहून मोठा असतो. विमानाचे आर्थिक मोल ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी तिकिटांच्या दरापासून नव्हे, तर या दुसऱ्या खर्चापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

पुढे तापीचे मुख गाळाने भरत गेले. मोठी जहाजे शहरापर्यंत येईनाशी होऊन सुवाळीच्या खाडीत नांगर टाकू लागली ती फार पूर्वीपासूनच. १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. अठराव्या शतकात एक एक सावकार त्या वाटेने गेला. आणि १८३७ मध्ये आधी आगीने व मग त्याच वर्षी आलेल्या महापुराने शहराचे उरलेसुरले वैभवही हिरावून घेतले. कोटाबाहेरचे कतारगाम या काळात शेतीवाडीचे गाव होते. त्याची कीर्ती होती ती तेथल्या पापडीची. सुरती उंधियूत जी पापडी घालावी लागते ती कतारगामची, असा खवय्यांचा आग्रह असे, आणि संक्रांतीच्या सुमारास बाजारात तिच्या नावावर भाव चढे. ती शेते आता इमारतींच्या खाली गेली आहेत. परंतु तिचा जो एक गुण आहे त्याची आठवण पुढे ठेवावी लागेल: तोडल्यानंतर एक-दोन दिवसांतच ती कोमेजते आणि मग तिला कोणी विचारीत नाही.

आज कतारगाम म्हणजे हिऱ्याचे कारखाने. वराछा आणि कतारगाम ही सुरतेच्या हिरे-उद्योगाची दोन मोठी केंद्रे आहेत, आणि त्यांतील मजूर बहुतांशी भावनगर, अमरेली या सौराष्ट्राच्या जिल्ह्यांतून, कोरडवाहू शेतीला कंटाळून आलेल्या कुटुंबांतले. कारखान्यात शिरले की दृष्टीला पडते ती घंटी, म्हणजे मधोमध फिरणारी पोलादी सरण आणि तिच्या भोवती बसलेले चार कारागीर. सरणीवर हिऱ्याचीच पूड तेलात कालवून लावलेली असते, कारण हिऱ्याला झिजविण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कशातच नाही. एक जण तळिया, म्हणजे खड्याची खालची बाजू, धरतो, दुसरा मथाळा, म्हणजे वरची, तिसरा अठपेल, म्हणजे आठ पैलू. मोहरीएवढ्या खड्यावर सत्तावन्न पैलू पडतात, आणि दर काही क्षणांनी कारागीर तो डोळ्याच्या भिंगाशी नेऊन पाहतो व पुन्हा सरणीवर टेकवतो. मजुरी बहुधा नगावर असते. काम पुरे झाले की खडे पांढऱ्या-निळ्या कागदाच्या घडीत, म्हणजे पडीक्यात, बांधून ठेवतात. लाखो रुपयांचा माल सदऱ्याच्या खिशात मावतो.

या कामाचा कच्चा माल सुरतेच्या जमिनीतला नाही. तो आफ्रिकेतून, रशियातून, कॅनडातून, आणि १९८० नंतरच्या काळात, २०२० पर्यंत, ऑस्ट्रेलियाच्या अर्गाइल खाणीतून येत आला. आणि अँटवर्प, लंडन, दुबई अशा पेठांतून फिरत तो मुंबईच्या विमानतळावर उतरतो. किलोभर वजनात ५००० कॅरट हिरे येतात. एवढ्या वजनाचे विमानभाडे मालाच्या किमतीशी ताडून पाहिले तर ते नगण्य ठरते. परंतु तोच माल समुद्रमार्गाने महिनाभर वाटेत राहिला तर त्यावरील व्याज, विम्याचा भार आणि बाजारभावाची चढउतार यांनी कारखानदाराचा नफा खाऊन टाकला असता. सुरतेचा कारखानदार जगाच्या पेठेत टिकला तो अत्यल्प नफ्यावर आणि जलद फेऱ्यांवर. कच्चा माल आज आला, पंधरवड्यात घडला आणि पुन्हा अँटवर्पला गेला, असे भांडवल वर्षातून अनेकदा फिरले तरच छोट्या खड्यावरची मजुरी परवडते. अर्गाइलसारख्या खाणीतले बारीक, तपकिरी, युरोपातल्या कारागिराने हातीही न धरलेले खडे कतारगामच्या कारागिराच्या पोटाचा आधार झाले, याचे श्रेय त्याच्या कसबाइतकेच या वेगाला आहे.

आणि आश्चर्य असे की हा सगळा डोलारा ज्या विमानतळावर उभा राहिला तो सुरतेत नव्हताच! सुरतेजवळच्या मगदल्ल्याची धावपट्टी १९७० च्या दशकारंभीची. पण तेथील सेवा कधी सुरू, कधी बंद, अशाच राहिल्या आणि दिल्लीचे नियमित विमान २००७ साली मिळेपर्यंत शहराची खरी हवाई वेस मुंबईचे सांताक्रुझ-सहार हीच होती. सुरत ते मुंबई हे अडीचशेहून अधिक किलोमीटरचे अंतर तोडले ते आंगडियांनी. रात्रीच्या गाडीने, साध्या प्रवाशाच्या वेषात, कमरेच्या पट्ट्यात जोखीम बांधून जाणारा आंगडिया हा हुंडीच्या काळचा वारस आहे. चार ओळींच्या चिठ्ठीवर तो कोटीचा माल पोहोचवतो आणि बाजारात त्याची साख हेच त्याचे तारण असते. जेट विमान आणि आंगडिया या दोन संस्था एकमेकींना इतक्या पूरक ठरल्या की त्यांतली एक मोगली आमदानीतली आहे, हे आपण विसरून जातो.

सुरतेत सांगितली जाणारी परंपरा अशी की विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत जाऊन हिऱ्याचे काम शिकून आलेल्या काही पाटीदारांनी येथे पहिल्या घंट्या बसविल्या. परंपरेतला तपशील निरनिराळा सांगितला जातो, तरी तिचा रोख चुकीचा वाटत नाही. कारण त्या सुमारास गुजराती माणसाला आफ्रिका ही जवळची मुलूखगिरी झाली होती. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे बांधायला सुमारे ३२,००० हिंदी मजूर नेण्यात आले, आणि त्यांच्या मागोमाग दुकानदार, कारकून, शिंपी गेले. हिऱ्याची खाणही पुढे त्याच बाजूला निघाली. जॉन विल्यमसन या कॅनडाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला १९४० साली टांगानिकात, आजच्या टांझानियात, म्वादुई येथे जी खाण सापडली, तिच्यातील १९४७ चा गुलाबी हिरा त्याने इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथला विवाहाप्रीत्यर्थ दिला. रेल्वेच्या मुख्य वाटेपासून दूर, ओसाड पठारावरल्या त्या खाणीपाशी स्वतःची धावपट्टी आहे. हिरा आणि विमान यांचे हे साहचर्य कतारगामात पाहिले तेच तेथेही दिसते.

पूर्व आफ्रिकेत विमान आले ते साम्राज्याच्या टपालासाठी. फ्लॉरेन्स विल्सन या बाईंनी १९२९ साली नैरोबीत विल्सन एअरवेज काढली. १९३१ मध्ये लंडनहून निघणारे इंपीरियल एअरवेजचे विमान व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत येऊ लागले. आणि १९३७ नंतर किसुमूच्या पाण्यावर उडत्या नावा उतरू लागल्या. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचे विमान आणले, त्याच पिढीतली ही घटना. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार यांनी मिळून १९४६ साली ईस्ट आफ्रिकन एअरवेज स्थापिली. आणि एअर इंडियाने लंडनच्या मार्गानंतर दुसरी मोठी आंतरराष्ट्रीय वाट काढली ती १९५० च्या जानेवारीत, मुंबई ते नैरोबी. ही निवड मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. नव्या, तुटपुंज्या भांडवलाच्या राष्ट्रीय कंपनीला न्यूयॉर्क वा टोकियो आधी सुचले नाही. सुचले ते नैरोबी, कारण तेथे उतारू होते. ज्या प्रवासाला गलबताला महिना लागे आणि बोटीला दहा-बारा दिवस, तो आता एका दिवसात होऊ लागला. मुलीच्या लग्नाला, बापाच्या आजारपणाला, दुकानाच्या मालाची खरेदी करायला माणूस येऊन जाऊ लागला. पेढीचा मालक दोन्ही किनाऱ्यांवर एकाच महिन्यात हजर राहू लागला. व्यापारात साक्षात भेटीचे जे मोल आहे ते कोणत्याही जमाखर्चात लिहिले जात नाही, पण पेढ्या चालतात त्याच्यावरच.

नैरोबीचा एंबाकासी विमानतळ १९५८ साली खुला झाला. त्याच्या बांधकामावर माऊ माऊ या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावातील बंदिवानांना राबविण्यात आले होते. ज्या आकाशमार्गाने पुढे त्या देशाला परकीय चलन मिळवून दिले, त्याची जमीन अशी बंदिवासाच्या श्रमाने सपाट झालेली आहे, आणि केनियाच्या विमानवाहतुकीचा हिशेब मांडणाऱ्याने ही नोंद प्रथम करावयास हवी. स्वातंत्र्यानंतर तीन देशांत कुरबुरी वाढल्या, १९७७ च्या जानेवारीत सामायिक कंपनी मोडली आणि केनियाने केनिया एअरवेज व टांझानियाने एअर टांझानिया अशा आपापल्या कंपन्या उभ्या केल्या. प्रतिष्ठेसाठी काढलेल्या राष्ट्रीय विमानकंपन्या बहुधा तोट्यात जातात, तशा याही कधी गेल्या. पण देशाला विमानापासून होणारा लाभ आणि विमानकंपनीचा ताळेबंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची गल्लत करून पुष्कळ अर्थपंडित एकतर कंपनीला निष्कारण पोसतात किंवा विमानमार्गाचीच निंदा करतात.

केनियाचा लाभ कसा झाला हे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. युरोपातले प्रवासी सिंह-हत्ती पाहण्यास येऊ लागले. ते ज्या विमानांतून येत, त्यांच्या पोटातली माल ठेवण्याची जागा परतीच्या वेळी रिकामी असे. या रिकाम्या जागेत प्रथम हिवाळ्यातल्या हिरव्या शेंगा गेल्या, मग फुले गेली. नैरोबीच्या वायव्येस सुमारे नव्वद किलोमीटरवर नैवाशा सरोवर आहे. विषुववृत्ताच्या जवळ असूनही उंचीमुळे तेथे हवा थंड, बारमाही ऊन आणि गोड्या पाण्याची सोय. पहाटे खुडलेला गुलाब थंड खोलीत ठेवायचा, संध्याकाळी गाडीने विमानतळावर आणायचा, रात्रीच्या विमानाने हॉलंडला धाडायचा, आणि आल्समीरच्या लिलावात तो ताजा म्हणून विकायचा. या साखळीतील एक कडी एक दिवस उशिरा झाली की सगळा माल उकिरड्यावर. त्या एका फुलाच्या मागे निंदणी, खुडणी, प्रतवारी, बांधणी करणारे हजारो हात आहेत आणि त्यांत बायकांचे हात अधिक. आज फुले, भाज्या आणि फळे मिळून केनियाच्या निर्यातीतील चहाच्या बरोबरीने घेतली जाणारी बाब झाली आहे.

भाज्यांचे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. इंग्लंडात गुजराती आणि पंजाबी वस्ती वाढली, विशेषतः १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढल्यावर एंटेबेहून भरभरून विमाने इंग्लंडकडे गेली तेव्हा, तेथे कारली, भेंडी, मिरच्या, गवार यांना गिऱ्हाईक निर्माण झाले. केनियाच्या शेतांतून या भाज्या विमानाने लंडनला जाऊ लागल्या. म्हणजे ज्या माणसांना विमानाने परागंदा केले त्यांच्याच ताटात विमानाने भाजी वाढली, आणि तिचा पैसा पूर्व आफ्रिकेच्या शेतकऱ्याला मिळाला. कतारगामची पापडी जी एक-दोन दिवसांत कोमेजते, ती पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या पंचक्रोशीबाहेर का गेली नाही आणि नैवाशाच्या शेंगा सहा हजारांहून अधिक किलोमीटर कशा गेल्या, याचे कारण मातीत नाही, कसबातही नाही. ते थंड खोली, वेळेवर सुटणारे विमान आणि त्याच्या पोटातील रिकामी जागा यांत आहे.

एखाद्या वस्तूचे मोल ती हातची गेल्यावर कळते, आणि विमानमार्गाच्या बाबतीत सुरतेने हा अनुभव १९९४ च्या सप्टेंबरात घेतला. पुरानंतरच्या घाणीत वेड रोड आणि कतारगाम या भागांतील दाट वस्तीत प्लेगचे रोगी आढळल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लक्षावधी माणसांनी शहर सोडले. हिऱ्याचे कारखाने, कापडाचे माग, भाजीबाजार बंद पडले. स्टेशनावर आणि एस. टी. च्या स्थानकावर, तोंडावर रुमाल बांधून, गाठोडी घेऊन माणसांची रांग लागली. त्यांत सौराष्ट्राचा घंटीवाला होता आणि आपल्या खानदेशातून मागावर आलेला मजूरही होता. परंतु त्याहून दूरगामी गोष्ट आकाशात घडली. आखाती देशांपैकी कित्येकांनी भारताची विमाने थांबविली, युरोपातल्या विमानतळांवर आपल्या उतारूंची तपासणी झाली, मालावर निर्बंध आले, परदेशी प्रवाशांनी आरक्षणे रद्द केली. विमाने अडविण्यास आरोग्यशास्त्राचा आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असता हे घडले. देशभरातील मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. आर्थिक हानीचा अंदाज मात्र २०० कोटी डॉलरच्या घरात सांगितला गेला. वेड रोडच्या एका तुंबलेल्या गटाराची किंमत सबंध देशाच्या हवाई वाटेने भरून काढली. पुढच्या वर्षापासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, झोपडपट्ट्यांत पाणी व गटारे नेली, अनधिकृत बांधकामे हटविली आणि भारतातील अत्यंत अस्वच्छ शहर काही वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजले गेले. नगरपालिकेचा झाडूवाला हा विमानव्यवहाराचा किती महत्त्वाचा चाकर आहे, हे यापूर्वी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. परंतु १९९४ नंतर ते नाकारता येत नाही.

पूर्व आफ्रिकेवर हाच प्रसंग तीन वर्षांनी आला. व्हिक्टोरिया सरोवरातील नाईल पर्च हा मासा कापून, बर्फात घालून, विमानाने युरोपला जात असे. १९९७ च्या अखेरीस तेथे पटकीची साथ आली आणि युरोपीय संघाने केनिया, युगांडा, टांझानिया व मोझांबिक येथील ताज्या माशांची आयात थांबविली. १९९८ च्या मध्यापर्यंत ती बंद होती. काठावरचा कोळी रोज जाळे टाकत होता आणि कारखाना त्याचा मासा घेत नव्हता. २०१० च्या एप्रिलात आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद ठेवले तेव्हा नैवाशाचे गुलाब जनावरांना घातले गेले, खड्ड्यात गेले, आणि रोजंदारीच्या बायकांना घरी बसविण्यात आले. २०२० च्या महामारीत नैरोबीची फुले आणि कतारगामच्या घंट्या यांच्यावर एकाच मार्चमध्ये कुलूप पडले. सौराष्ट्राचा मजूर पुन्हा गावाकडे निघाला.

या प्रसंगांत एक गोष्ट मला सर्वत्र सारखी दिसते आणि ती मला सलते. वाट चालू असताना तिचा लाभ खाणमालक, कारखानदार, दलाल, विमानकंपनी आणि सरकारी जकात या सर्वांत वाटला जातो. वाट बंद पडली की तोटा मात्र सर्वप्रथम नगावर मजुरी घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. कारखानदाराचा कच्चा माल तिजोरीत पडून राहिला तरी तो हिराच असतो. कारागिराचा वाया गेलेला दिवस मात्र तिजोरीत राहत नाही. २००८ च्या मंदीत दिवाळीची सुट्टी संपूनही कारखाने उघडले नाहीत, तेव्हाही हेच झाले. विमानवाहतुकीचे राष्ट्रीय उत्पन्नातील प्रमाण सांगणारे अहवाल हा हिशेब मांडीत नाहीत, आणि तो मांडल्याखेरीज त्यांतील शेकडेवारी मला अपुरी वाटते. प्रत्येक खेपेवर काही अंश राखून बंदीच्या दिवसांसाठी मजुरांचा निधी उभारणे जुन्या महाजनांना अशक्य वाटले नसते. धर्मादायाची पट्टी व्यापाराच्या प्रत्येक गाठोड्यावर घेण्याची रीत या शहराला ठाऊक होती.

सुरतेला आता आपले आकाश मिळाले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत शारजाची सेवा सुरू झाली. १७ डिसेंबर २०२३ रोजी नव्या टर्मिनलचे आणि खजोद येथील चार हजारांहून अधिक कचेऱ्यांच्या हिरे-बाजाराचे उद्घाटन झाले, आणि त्याच सुमारास विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला गेला. तरी मुंबईच्या पेढ्या बिऱ्हाड हलवायला अनुत्सुक आहेत, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. इमारत बांधल्याने पेठ होत नाही. अँटवर्प, हाँगकाँग, न्यूयॉर्क यांच्याशी रोज जोडणारी विमाने, विमा, बँक आणि मौल्यवान मालाची जकात-तपासणी ज्या गावी आहे तेथेच हिरेवाला राहतो. अठराव्या शतकातला सावकारही गाळ भरलेल्या बंदराला चिकटून न राहता मुंबईला गेला होता. नैरोबीला जाणारा कतारगामचा प्रवासी आजही बहुधा मुंबईलाच विमानात चढतो.

दरम्यान केनियाचे बागाईतदार उलट वाटेने निघाले आहेत. विमानभाडे वाढले, धुराचा हिशेब युरोपातले गिऱ्हाईक विचारू लागले, आणि शीतपेटीत तीन-चार आठवडे टिकणारे गुलाब पैदा करण्यात यश आले. म्हणून २०३० पर्यंत निम्मी फुले मोंबासाहून समुद्रमार्गे पाठविण्याचे उद्दिष्ट तेथील उद्योगाने ठेवले. तो बेत रंगात येत असताना २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोखा आणि जिद्दा यांच्या ज्या समुद्रात सुरतेची गलबते शतकानुशतके गेली, तेथून जाणे जहाजकंपन्यांनी टाळले, आणि युरोपकडचा माल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागला. त्या वळशात आठवडा-दोन आठवडे अधिक जातात. एवढा अवधी गुलाबाला सोसत नाही. म्हणून पेटीत भरलेली फुले पुन्हा एंबाकासीच्या मालधक्क्यावर, चढ्या भाड्याने, विमानाची वाट पाहू लागली.